कशाच्या बदल्यात?

२०२२ च्या दिवाळीत राज्य सरकारने रेशनकार्डावर ‘आनंदाचा शिधा’ दिला. शंभर रुपयांत रवा, चणाडाळ, साखर एकेक किलो आणि लिटरभर पामतेल. पुढे इतर सणांनाही तो मिळाला. २०२५ मध्ये मात्र त्याला पैसे उरले नाहीत. ‘लाडकी बहीण’ योजनेमुळे तिजोरीवर ताण असल्याचं अन्न व नागरी पुरवठा मंत्री छगन भुजबळ यांनी मोकळेपणाने सांगितलं.

अर्थशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला सत्तेतल्या कुणाकडून असं क्वचितच ऐकायला मिळतं. अमुक दिलं म्हणून तमुक गेलं, हे जोडून कुणी बोलत नाही. आमच्या विषयात याला संधी-खर्च म्हणतात. एखाद्या गोष्टीसाठी दुसरी जी सर्वात चांगली गोष्ट सोडावी लागते, ती तिची खरी किंमत.

‘लाडकी बहीण’साठी २०२४-२५ मध्ये ४६ हजार कोटी रुपये लागतील असं सांगितलं गेलं. बाईच्या खात्यात महिन्याला दीड हजार रुपये थेट येणं मला मोलाचं वाटतं; घरात तिच्या शब्दाला वजन येतं. पण निवडणुकीच्या धामधुमीत सगळी चर्चा ‘योजना चांगली की वाईट’ याच प्रश्नापाशी थांबली. ‘कशाच्या बदल्यात’ हे कुणी विचारलं नाही. मे २०२५ मध्ये सामाजिक न्यायमंत्री संजय शिरसाट यांनी आपल्या खात्याचा निधी या योजनेकडे वळवल्याची तक्रार जाहीरपणे केली, तेव्हा कुठे उत्तराचा एक तुकडा बाहेर आला. ज्या वस्तीतल्या बाईला दीड हजार मिळाले, त्याच वस्तीतल्या मुलीच्या वसतिगृहाचं आणि शिष्यवृत्तीचं काय, हे आधी कळायला हवं होतं.

घरं हा हिशेब सरकारपेक्षा चांगला करतात, असं माझं मत तारोडीत पक्कं झालं. भाईंदर पश्चिमेहून उत्तनकडे जाणाऱ्या रस्त्याने डोंगरी आली की तारोडी जवळच. महापालिकेच्या हद्दीत असूनही गावपण टिकवून असलेली ही वस्ती. तिथल्या एका घरात माझं जाणं-येणं आहे. घरची बाई भाजी घेऊन भाईंदरच्या बाजाराला बसते. एका वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर तिला भिशी लागली. छप्पर बदलायचं होतं, त्याच वेळी मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता. पैसे एकाच कामाला पुरणार होते. तिने फी भरली. मग छपरावर ताडपत्री ओढली, कुठल्या खोलीत पाणी गळणार हे तिला ठाऊक होतं, ती सासूची खोली होती. म्हणून पहिल्या सरीआधी सासूची खाट तिने आपल्या खोलीत आणली.

मला यातलं सर्वात मोठं अर्थशास्त्र खाट हलवण्यात दिसतं. फी की छप्पर हे कुणीही ठरवेल. पण जे सोडलं त्याची झळ कुणाला लागणार हे ओळखून त्या माणसाची सोय आधी करणं, हे सरकारी फाइलीत घडत नाही. घरात पैसे काढणारा आणि गळक्या छपराखाली झोपणारा एकाच ताटावर बसतात. सरकारात ठरवणारा मंत्रालयात असतो आणि झळ सोसणारा कुठल्या तरी गावात.

घरांचंही एका बाबतीत चुकतं. मी त्या बाईला तिच्या भाताच्या शेताबद्दल विचारलं.

“शेताला खर्च काय सर, बियाणं आणि थोडं खत,” ती म्हणाली.

“आणि तुमची मजुरी?”

“घरच्या माणसाची कसली मजुरी?”

लावणी-कापणीच्या दिवसांत तिची बाजारातली जागा रिकामी असते. ती बुडालेली कमाई भाताच्या किमतीत तिने कधी धरलेली नाही. खिशातून नोट निघत नाही ते फुकट वाटतं.

सरकारच्या हातून हीच चूक झाली की तिचा आकार केवढा होतो, ते या गावाच्या शेजारीच पाहायला मिळालं. दहिसर-मीरा-भाईंदर मेट्रो ९ ची कारशेड आधी राई, मुर्धा, मोर्वा या गावांच्या जमिनीवर होणार होती. घरं आणि शेती जाणार म्हणून गावकरी उभे राहिले. मग कारशेड डोंगरीच्या सरकारी जमिनीवर नेण्याचं ठरलं. तिथे दहा हजारांहून अधिक झाडं तोडावी लागणार होती. २०२५ मध्ये महापालिकेने हरकती मागवल्या तेव्हा लोकांनी त्या मोठ्या संख्येने नोंदवल्या.

मेट्रो हवीच. भाईंदरहून सकाळची लोकल पकडणाऱ्यांचे रोजचे तास आणि जिवाची जोखीम हाही मोठा खर्चच आहे, आणि तोही कुठल्या अंदाजपत्रकात लिहिलेला नसतो. माझा आक्षेप हिशेबाला आहे. खाजगी जमिनीला मोबदला द्यावा लागतो, म्हणून तिची किंमत कागदावर येते. सरकारी टेकडी आधीपासून सरकारचीच, म्हणून तिच्यापुढे जवळपास शून्य पडतं. पण ती टेकडी काहीच करत नव्हती का? पावसाचं पाणी तिच्यात मुरत होतं, उतार झाडांच्या मुळांनी धरून ठेवला होता, पायथ्याच्या गावांना सावली होती. कारशेडसाठी हे सगळं मोजावं लागणार होतं, फक्त पावती फाडली जाणार नव्हती. या किमतीचा आकडा घालून राई-मुर्ध्याचा, डोंगरीचा आणि तिसऱ्या एखाद्या जागेचा पर्याय शेजारी शेजारी मांडला असता, तर वाद इतका चिघळला नसता असं मला वाटतं. कदाचित डोंगरीच स्वस्त ठरली असती. पण ते दाखवायला हवं होतं.

अंदाजपत्रकाला हा प्रश्न विचारण्याची आपली परंपरा जुनी आहे. १९०२ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले कलकत्त्याच्या कौन्सिलात उभे राहिले तेव्हा सरकार शिलकी अंदाजपत्रकावर खूश होतं. लोक दुष्काळाने गांजलेले असताना तिजोरीतली ही शिल्लक कुणाच्या ताटातून आली, हे गोखल्यांनी दाखवून दिलं. मिठावरचा कर आणि लष्कराचा खर्च एका बाजूला, शाळांवरचा तुटपुंजा पैसा दुसऱ्या बाजूला, अशी मांडणी ते वर्षानुवर्षं करत राहिले. १९०३ मध्ये मिठावरचा कर कमी झाला. १९११ मध्ये त्यांनी मांडलेलं प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मात्र पुढच्या वर्षी ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. ज्या पिढीची शाळा त्या दिवशी हुकली, तिची किंमत कुठल्याही सरकारी जमाखर्चात नोंदलेली नाही.

आज माझी मागणी साधी आहे. प्रत्येक मोठ्या खर्चाच्या प्रस्तावात दोन ओळी सक्तीच्या कराव्यात: या पैशातून, या जमिनीतून दुसरं काय होऊ शकलं असतं, आणि ते न झाल्याने कुणाचं अडणार. सरकारला हे अशक्य नाही. महिलांसाठी आणि बालकांसाठी किती खर्च होतो हे वेगळं काढून दाखवायला सरकारं शिकलीच ना? महापालिकेपासून सुरुवात करावी, कारण तिथला खर्च लोकांना डोळ्यांनी दिसतो. मीरा-भाईंदरमध्ये ऑगस्ट २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि त्यानंतर अंदाजपत्रक प्रशासकांनी मांडलं. सभागृहच नव्हतं, तर तारोडीचा माणूस कुणाकरवी विचारणार होता? त्या दोन ओळी छापील असत्या, तर निदान वाचून हरकत तरी घेता आली असती.