आत्यानं घ्यायचं नाव

कोराडीचं जुनं नाव जाखापूर. इथल्या जगदंबेची आख्यायिका लेकीच्या ओढीनं सुरू होते. झोलन राजाला जनोबा, नानोबा, बानोबा असे सात मुलगे होते, पण मुलगी नव्हती. तिच्यासाठी त्यानं देवांची आराधना केली आणि आदिशक्तीच त्याच्या घरी लेक होऊन आली. मागून घेतलेल्या लेकीच्या या गावात माझ्या भावाला मुलगी झाली तेव्हा घरात आनंदच झाला. कुरबुर सुरू झाली ती नावावरून.

दादा-वहिनींनी नाव ठरवलं होतं कन्हान.

पहिली हरकत आईची. "कन्हान? कामठीच्या पुढचं टेसन आहे ते. पोरीचं नाव सांगून राहिले का पत्ता?" काकांनी पत्रिका पुढे केली. कन्या रास, अक्षर प. पूर्वा ठेवा, पल्लवी ठेवा. त्यावर तोडगा जुनाच आहे, राशीचं नाव वेगळं आणि हाक मारायचं वेगळं, त्यामुळे काका लवकर निवळले. मोठी आई मात्र बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "पाळण्यात काहीही शोभते बाप्पा. साठ वर्षांची होईल तवा काय म्हणाल तिले? कन्हानबाई?"

शेवटी सगळ्यांची नजर माझ्यावर आली. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. आईनं मला स्वयंपाकघरात बोलावून घेतलं. "तू घेत नाही म्हण. मंग पाहू काय करते थो."

मला मोठ्या आईचा प्रश्न सगळ्यांत खरा वाटला. आमच्या देवीबद्दल सांगतात की मूर्ती सकाळी बालिकेसारखी दिसते, दुपारी तरुणीसारखी आणि संध्याकाळी प्रौढ बाईसारखी. नावालाही ही तिन्ही रूपं पेलता यायला हवीत. आज जे कानाला गोड लागतं ते उद्या शाळेच्या हजेरीत, नेमणुकीच्या पत्रावर आणि पुढे नातवंडांच्या तोंडी टिकलं पाहिजे. वर्गात दुसरं कुणी त्या नावाचं नसावं एवढ्याचसाठी शोधून काढलेल्या नावांवर माझा जीव बसत नाही. वेगळेपणाला कारण हवं.

इथे कारण होतं. वहिनीचं माहेर कन्हान नदीच्या काठचं. उन्हाळ्यात पाणी ओसरून रेती उघडी पडली की तिचे बाबा पात्रात टरबूज-डांगराची वाडी लावायचे. रेतीत खोल खणायचं, ओल लागली की तळाशी शेणखत घालायचं, त्यात बी टोचायचं आणि वेल धरेपर्यंत नदीचं पाणी घागरींनी आणून ओतायचं. दुपारी रेती इतकी तापायची की वहिनी पायाला पळसाची पानं बांधून शिदोरी घेऊन जायची. फळ भरलं की नाही हे बोटानं टिचकी मारून ओळखायला ती तिथेच शिकली. त्या वाडीच्या पैशावर तिची फी भरली गेली. "जिनं मले शिकवलं, तिचं नाव लेकीले दिलं तं काय चुकलं?" एवढंच तिचं म्हणणं. ते तिनं एकदाच सांगितलं, पुन्हा वाद घातला नाही.

नदीचं नाव मुलीला देणं आपल्याकडे नवं नाही. गंगा, यमुना, गोदावरी, कृष्णा, नर्मदा, भागीरथी, आज्यांच्या पिढीत घरोघरी याच नद्या पाणी भरत होत्या आणि भाकरी थापत होत्या. पण विदर्भातल्या माझ्या आज्यांपैकी कुणी गोदावरीचा काठ पाहिला होता? जन्म गेला वैनगंगेच्या नाहीतर कन्हानच्या पाण्यावर आणि नाव मिळालं दूरच्या नदीचं. पूर्णेचं नाव तेवढं कुठे कुठे ऐकू येतं. वैनगंगा, पैनगंगा, पेंच या नावाची बाई मला आजवर भेटलेली नाही. कन्हान सातपुड्यात, छिंदवाड्याकडे उगम पावते. आमच्या जिल्ह्यात पेंच आणि कोलार तिला मिळतात आणि पुढे ती वैनगंगेत जाते. नागपुरातल्या कितीतरी घरांच्या नळाला तिचं पाणी येतं. पोथीत जिचं माहात्म्य आहे तिचं नाव पवित्र आणि जी रोज आपली तहान भागवते तिचं नाव म्हणजे टेसन, हे मला आतून सलायला लागलं. पुण्या-मुंबईचा पाहुणा आला की आम्ही आमची बोली बदलतो, त्यातलाच हा संकोच. आपल्या मातीतलं काही मिरवावं असं आपल्याला वाटतच नाही.

मी आईला इरावती कर्व्यांची गोष्ट सांगितली. त्यांचा जन्म १९०५ साली ब्रह्मदेशात, मिंज्यानला झाला. वडील तिथे नोकरीला होते आणि तिथल्या इरावती नदीचं नाव त्यांनी लेकीला दिलं. दूर पूर्वेकडच्या त्या नदीचं नाव आज आपल्याला किती मराठी वाटतं! आईनं ऐकून घेतलं. "मोठ्या लोकायचं मोठं असते वं," म्हणाली.

तिला पटेल असं उत्तर शेजारच्या काकूंनी दिलं. त्या घुगऱ्यांसाठी हरभरे निवडायला आल्या होत्या. आईची तक्रार ऐकून म्हणाल्या, "आमच्या घरी तं अख्ख्या वस्तीनंच नवे नावं शिकले." १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली आणि दिली. काकूंच्या सासरची माणसं त्या गर्दीत होती. त्यानंतर जन्मलेल्या लेकरांची नावं सिद्धार्थ, राहुल, यशोधरा, संघमित्रा अशी ठेवली जाऊ लागली. काकूंच्या आजेसासूला ती म्हणता येत नसत. नातवाला ती "शिदार्त" म्हणायची, नातीला "इसोदा". गावातले लोक हसायचे. म्हातारी रोज हाका मारत राहिली, जीभ वळत गेली. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात शूद्राचं नाव निंदा सुचवणारं असावं असं सांगितलेलं आहे. कचरू, धोंड्या अशी नावं पिढ्यान् पिढ्या सोसलेल्या माणसांनी आपल्या लेकराला संघमित्रा म्हणून हाक मारली, त्या हाकेत केवढं बळ असेल! लेकरू जगावं, कुणाची नजर लागू नये म्हणून मायेनं ठेवलेला दगडू, धोंडूही असायचा, ती गोष्ट निराळी. पण दुसऱ्यानं हिणवण्यासाठी लादलेलं नाव टाकून द्यायचं आणि आपल्या लेकराचं नाव आपण निवडायचं, हा हक्क आमच्या याच नागपुरात माणसांनी मिळवला. आज सिद्धार्थ आणि राहुल सगळ्यांच्याच घरात आहेत. कुणी हसत नाही.

भिऊन राहावं ते नकुशासारख्या नावाला. सातारा जिल्ह्यात मुलगी नको होती म्हणून नकुशा नाव पडलेल्या अडीचशेहून जास्त मुलींना २०११ च्या ऑक्टोबरमध्ये समारंभपूर्वक नवी नावं देण्यात आली. अनेकींनी आपलं नाव स्वतः निवडलं. त्या मुलींनी किती वर्षं त्या हाकेला ओ दिली असेल, हे मनात आलं की घशात आवंढा येतो. आमच्या बाळाचं नाव अनोळखी होतं, पण ते हवीहवीशी असलेल्या लेकीचं नाव होतं.

दादा जन्मनोंदणीचा कागद भरायला बसला. नाव नंतरही, पंधरा वर्षांपर्यंत घालता येतं, म्हणून आई त्याला ती जागा कोरी ठेवायला सांगत होती. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या लेकरांचं नाव लिहायची आपल्याकडे नवी रीत आहे, आधी बाळाचं, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव. दादानं ते मोठ्यानं वाचलं. आईचा हात थांबला. "मायचं नाव मधात?" तिनं विचारलं. मग म्हणाली, "चांगलं केलं. माह्यं तं लग्नातच गेलं." ताटातल्या तांदळात अंगठीनं कोरलेल्या नावानं ती या घरात आली. माहेरचं नाव तिच्या भावांशिवाय कुणी घेत नाही, आणि भाऊही आता एकच उरला आहे. कोरी जागा ठेवण्याचा आग्रह तिनं पुन्हा धरला नाही. वहिनीला पाणी नेऊन दिलं आणि बाळंतविड्याच्या तयारीला लागली.

बारशाच्या दिवशी मी पाळण्यावर वाकले, कानाशी कुर्र केलं, बायकांनी माझ्या पाठीत रीतसर धपाटे घातले, आणि मी नाव घेतलं. पाळण्याभोवती क्षणभर कुजबुज झाली. "काय म्हणाली?" कुणीतरी विचारलं. मी दुसऱ्यांदा, सगळ्यांना ऐकू जाईल असं घेतलं. काकू पहिल्यांदा म्हणाल्या, मग वहिनीची आई, मग बाकीच्या, कुणी "कनान", कुणी "कन्नान". आईनं एकीला दुरुस्त केलं.

मोठी आई अजून बाळाला "बाई"च म्हणते. मी तिला आग्रह करत नाही, तिचा प्रश्न मी मनावर घेतलेला आहे. कन्हान साठ वर्षांची होईल तेव्हा आमच्यापैकी फारसं कुणी असणार नाही. तिचं तिनं ठरवावं. परवा हेच मी मोठ्या आईला सांगत होते, की नाव पटलं नाही तर सज्ञान झाल्यावर राजपत्रात देऊन बदलता येतं. तिनं माझ्याकडे रागानं पाहिलं.

"बदलेल काहून? तिच्या मायनं ठेवलं ना."