पहिल्या वर्षाचें पुस्तक

पाठ्यपुस्तकाची निवड हा विषय वरवर पाहतां रुक्ष खरा. त्यांत कादंबरीची रंगत नाहीं कीं राजकारणाची चुरस नाहीं. तथापि महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षीं विज्ञान शिकावयास आलेल्या मुलाच्या हातीं आपण कोणतें पुस्तक देतों, यावर तो दुसऱ्या वर्षीं विज्ञानाच्या वर्गांत दिसेल कीं नाहीं हें पुष्कळ अंशीं अवलंबून असतें, असें आमचें पंचवीसांहून अधिक वर्षांच्या अध्यापनानें बनलेलें मत आहे.

आमचा सारा अनुभव पेण आणि रोहें या दोन गांवांमधला. मध्य रेल्वेचा मार्ग रोह्यास संपतो व तेथून कोकण रेल्वे सुरू होते. पण गाडींत बसलेल्या उतारूस हा बदल जाणवतही नाहीं. मराठी शाळेंतून इंग्रजी विज्ञानांत शिरणाऱ्या मुलास अकरावींत बसूं लागलेले धक्के मात्र पदवीच्या पहिल्या वर्षींही थांबलेले नसतात. वर्गांत प्राध्यापक असतो, तो मराठींत समजावून देतो, आणि वेळ निभावते. रात्रीं घरीं पुस्तक उघडलें म्हणजे मुलगा आणि पुस्तक हीं दोघेंच उरतात. पुस्तक निवडतांना आम्ही डोळ्यांपुढें ठेवतों ती ही रात्रीची वेळ.

दर उन्हाळ्यांत आमच्या टेबलावर तीन तऱ्हेचीं पुस्तकें येऊन पडतात. पहिलीं मोठीं परदेशी. १९६० सालीं प्रथम निघालेला रेस्निक व हॅलिडे यांचा पदार्थविज्ञानाचा ग्रंथ हा त्यांतला मानकरी. विवेचन असें कीं वाचतांना आम्हांस आजही आनंद होतो. पण या जातीच्या ग्रंथांत घर्षण समजावयाचें तें बर्फावरून घसरणाऱ्या माणसाच्या उदाहरणानें, आणि आमच्या मुलांनीं बर्फ पाहिलें असतें तें मासळीबाजारांतल्या टोपलींत. दुसरीं पुस्तकें विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाबरहुकूम लिहिलेलीं देशी. भाषा कोरडी, पण वाक्यें आटोपशीर. तिसरें गाईड. त्याची शिफारस कोणी करीत नाहीं आणि तें प्रत्येकाच्या पिशवींत असतें.

गाईडानें काय होतें तें एका प्रसंगानें सांगतों. खाडीकाठच्या गांवाहून येणाऱ्या एका मुलीनें आम्हांस एकदां विचारलें, “सर, पुस्तकांतलें सोडियम क्लोराइड आणि आमच्या मिठागरांतलें मीठ एकच कां?” वर्ग हंसला. आम्हांस हंसूं आलें नाहीं. कारण त्याच प्रकरणावर तिला उत्तम गुण मिळाले होते. सूत्र पाठ होतें, समीकरण बिनचूक होतें, आणि ज्या पदार्थाच्या राशी ती लहानपणापासून पाहत आली त्याच्याशीं त्या सूत्राचा कांहीं संबंध आहे हें तिला कोणींच सांगितलें नव्हतें.

वस्तुतः तिचा प्रश्न मोठा मार्मिक होता. एक लिटर समुद्राच्या पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात, आणि ते सर्व खाण्याचें मीठ नव्हे. पाणी आटूं लागलें म्हणजे आधीं चुनखडीचा अंश खालीं बसतो, मग जिप्सम, आणि पाणी सुमारें एक-दशांश उरल्यावर मीठ. शेवटीं राहणाऱ्या कडू पाण्यांत मॅग्नेशियमचे क्षार असतात. तेंच जिप्सम सुमारें १५० अंशांपर्यंत तापविलें कीं त्यांतलें तीन-चतुर्थांश पाणी निघून जातें व प्लास्टर ऑफ पॅरिस तयार होतें; हमरापूर-जोह्याच्या गणपतींच्या कारखान्यांत तें पोत्यांनीं येतें. त्यांत पाणी कालविलें म्हणजे त्याचें पुन्हा जिप्सम होतें, आणि जिप्सम लिटरभर पाण्यांत विरघळतें तें अवघें दोन-अडीच ग्रॅम. शाडूची मूर्ति विसर्जनानंतर विरते आणि प्लास्टरची तशीच कां राहते, याचें उत्तर येथें आहे. स्फटिकजल, विद्राव्यता, अंशतः स्फटिकीभवन, हीं तीन प्रकरणें एका पेण तालुक्यांत मावतात.

रोह्याकडेही असेंच आहे. मुळशीच्या तलावाचें पाणी १९२७ पासून सुमारें पांचशें मीटर खालीं भिऱ्याच्या वीजगृहांत येतें व पुढें कुंडलिकेंतून रोह्यावरून वाहतें. तें यंत्रांतून न जातां नुसतें खडकांवर आपटलें असतें तर किती तापलें असतें? गणित दोन ओळींचें आहे. उत्तर एक अंशाहून किंचित् अधिक.

आमच्या एका सहकाऱ्यांस ही विचारसरणी मान्य नाहीं. ते म्हणतात, “चिंतामणराव देशमुख रोह्याचेच ना? केंब्रिजला वनस्पतिशास्त्राचें पारितोषिक त्यांनीं मिळविलें, पुढें १९४३ सालीं रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. त्यांना कोणी मिठागराचीं उदाहरणें दिलीं होतीं? मुलांना वर चढूं द्या, पुस्तक खालीं आणूं नका.” आक्षेपांत तथ्य आहे. सोपेपणाच्या नांवाखालीं विषय पातळ करणें हा मुलांचा अपमानच होय. परंतु चिंतामणराव कोणत्याही पुस्तकावर शिकले असते; पुस्तक निवडावयाचें तें उरलेल्या वर्गासाठीं. आणि मिठागराचें रसायनशास्त्र केंब्रिजच्या रसायनशास्त्राहून वेगळें वा हलकें नाहीं.

हा प्रश्न नवाही नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत कॅप्टन जर्विस यांनीं शास्त्रीमंडळींच्या साहाय्यानें गणिताचीं पुस्तकें मराठींत आणलीं. हरि केशवजींनीं रसायनशास्त्र संवादरूपानें मांडलें. पुढें नागपूरच्या विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळानें पदवीच्या विज्ञानाचीं मराठी पुस्तकें काढलीं. आमच्या पाहण्यांत तीं कपाटांतच राहिलीं, कारण परीक्षा इंग्रजींत होती. आज अमेरिकेंतील राईस विद्यापीठाचीं ओपनस्टॅक्स पुस्तकें मोबाइलवर फुकट मिळतात. किंमतीची अडचण गेली. भाषेची व बर्फाची राहिली.

म्हणून अलीकडे आम्ही एक रीत पाडली आहे. नमुन्याच्या प्रती दुसऱ्या वर्षाच्या दोन-तीन मुलांना आठ दिवस घरीं देतों आणि विचारतों, कोणतें पान कोणाच्या मदतीवांचून समजलें? त्यांच्या सांगण्यावरून एक आटोपशीर देशी पुस्तक पुष्कळ प्रतींनीं घेतों, मोठ्या ग्रंथाच्या दोन प्रती वाचनालयांत ठेवतों, आणि मीठ, मूर्ति व भिरें यांवरचीं मराठी टिपणें स्वतः लिहून वांटतों.

एवढें करूनही गाईडाचा खप कमी होत नाहीं, कारण मुलें पुस्तक निवडतात तें प्रश्नपत्रिका पाहून. तेव्हां यंदां महाविद्यालयाच्या अंतर्गत परीक्षेंत आम्हीं भिऱ्याच्या पाण्याचा प्रश्न घातला. कित्येकांनीं जागा कोरी सोडली. ज्यांनीं लिहिलें त्यांचीं वाक्यें ओबडधोबड होतीं, इंग्रजी व्याकरण ठिकठिकाणीं मोडलें होतें, आणि दोन उत्तरें एकमेकांसारखीं नव्हतीं. गाईडांत त्या प्रश्नाचें उत्तर नव्हतें.