छापलेले आणि तपासलेले

छापलेल्या अक्षरावर माझा भारी विश्वास. उभा जन्म हिशेबखात्यात गेलेल्या माणसाला कागद हाच देव!

२०२२ ची दिवाळी नुकतीच सरली होती. मुंबईत गोवराने मुले दगावत होती. नातीला गोवर-गालगुंड-रुबेलाची लस द्यायची ठरली, आणि मी एक जुने कात्रण घेऊन दाराशी आडवा उभा राहिलो. या लशीमुळे मुलांना स्वमग्नता येते, असे त्यात लिहिले होते. आणि आधार कुणाचा, तर १८२३ पासून निघणाऱ्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाचा! माझ्या हट्टापायी तारीख एकदा पुढे गेलीही.

सूनबाई प्रयोगशाळेत काम करतात. मला वाटले, आता भडका उडणार. पण त्यांनी शांतपणे खुर्ची ओढली आणि विचारले, “बाबा, कचेरीत टेबलावर कागद आला की तुम्ही आधी काय पाहायचा?”

“कागद कसला आहे, ते. अंदाजपत्रक, पावती की ताळेबंद.”

“मग इथेही तेच पाहा ना!”

झाले, माझी शिकवणी सुरू झाली. शास्त्रीय नियतकालिकात छापलेले सारेच एका तोलाचे नसते. संपादकाला पाठवलेले पत्र म्हणजे बहुधा मत. थोड्या रोग्यांची हकिगत म्हणजे रुग्णनोंद. ती शंका उपस्थित करते, निकाल देत नाही. पुष्कळ माणसे घेऊन, तुलनेला दुसरा गट ठेवून केलेले संशोधन निराळे. आणि एका प्रश्नावरचे सगळे संशोधन गोळा करून पारखणारा समीक्षालेख त्याहून निराळा. तपासणीआधीच लोकांपुढे ठेवलेला निबंध, ती तर कच्ची वही!

माझ्या कात्रणामागचा १९९८ चा निबंध अवघ्या १२ मुलांवरचा होता. तुलनेचा गट नाही. लशीशी संबंध सिद्ध झालेला नाही, हे तर त्या निबंधातच कबूल केले होते!

“पण तज्ज्ञांनी तपासूनच छापला असेल ना?” मी शेवटचे पान टाकले.

“हो तर! संपादक निबंध त्याच विषयातल्या दोन-तीन जाणकारांकडे पाठवतात. पद्धत योग्य आहे का, आकड्यांतून निष्कर्ष निघतो का, हे ते पाहतात. दुरुस्त्या सुचवतात, नाहीतर निबंध नाकारायला सांगतात. पण बाबा, ते रुग्णालयात जाऊन मूळ नोंदी उघडत नाहीत.”

इथे मात्र मी गप्प झालो. बेरीज बरोबर, सही बरोबर, शिक्का बरोबर, आणि व्हाउचरच खोटे! असे एक बिल मी स्वतः पास केले होते. दोन वर्षांनी दुसऱ्याने पडताळणी केली, तेव्हा ते उघडकीला आले.

निबंधाचेही तेच झाले. डेन्मार्कमधल्या ५,३७,३०३ मुलांच्या नोंदींचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. लस घेतलेल्यांत स्वमग्नता अधिक आढळली नाही. २००४ मध्ये मूळ निबंधाच्या दहा लेखकांनी त्यातला अन्वयार्थ मागे घेतला. २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ने निबंधच रद्द केला. माझ्या डायरीतले कात्रण रद्द करायला मात्र कोणी आले नव्हते!

दुसऱ्या दिवशी नातीला मीच कडेवर घेऊन गेलो. सुई टोचताच तिने दवाखाना डोक्यावर घेतला. घरी आल्यावर मी ते कात्रण काढले. फाडले नाही. लाल शाईने त्यावर शेरा मारला: ‘२०१० मध्ये रद्द’. आणि खाली जुन्या सवयीने सही केली.