निधी खर्ची पडला पाहिजे

‘मॅडम, बर्लिनच्या स्पेशल ऑलिम्पिक्सला आपल्याला दोनशे दोन पदकं मिळाली म्हणे. टोकियो ऑलिम्पिकला सात! तुमच्यात सगळ्यांनाच पदक देतात, मग याला स्पर्धा कशी म्हणायची?’ जिल्ह्याच्या एका कार्यालयात साहेबांनी हसत हसत विचारलेल्या या प्रश्नाने माझं डोकं अजूनही तापतं.

आमची संस्था बौद्धिक दिव्यांग मुलांची. मुलांची म्हणायचं एवढंच, आमची सगळ्यात चांगली धावपटू सत्तावीस वर्षांची आहे. स्पेशल ऑलिम्पिक्सच्या राज्य स्पर्धेला संघ न्यायचा तर बस, जेवण, मुक्काम हवा, शिवाय चार खेळाडूंमागे एक प्रशिक्षक लागतो. क्रीडा खातं म्हणालं, दिव्यांगांचं समाजकल्याणकडे. समाजकल्याण म्हणालं, खेळाचं क्रीडाकडे. हे सर्वांच्याच नशिबी असतं, ते सोडून देते.

साहेबांना मी समजावलं. आधी प्राथमिक फेरी होते. वेळ आणि कौशल्य बघून गट पाडतात, एका गटात फार तर आठ जण. शंभर मीटर पंधरा सेकंदांत धावणाऱ्याला तीस सेकंदांवाल्याशी लावत नाहीत. प्रत्येक गटात पहिल्या तिघांना पदक, बाकीच्यांना रिबन. साहेब कोल्हापूरकडचे, म्हणून म्हटलं, कुस्तीत नाही का वजनी गट? तर म्हणाले, ‘वजन काट्यावर दिसतं. अक्कल कशावर मोजणार? स्पेनवाल्यांनी काय केलं, माहितीय ना?’

माहीत होतं. २०००च्या सिडनी पॅरालिम्पिकमध्ये स्पेनच्या बास्केटबॉल संघाने सुवर्ण जिंकलं आणि बारापैकी दहा खेळाडूंना बौद्धिक अक्षमता नव्हतीच, असं निघालं. पण ते पॅरालिम्पिक, आमची स्पेशल ऑलिम्पिक्स ही वेगळी संघटना. आणि तिथे लबाडी केली धडधाकट माणसांनी, शिक्षा झाली आमच्या मुलांसारख्यांना. अथेन्स, बीजिंग दोन्हीकडे त्यांना प्रवेश बंद. दार पुन्हा उघडलं २०१२ला, लंडनमध्ये. हे सगळं मी तावातावाने बोलले. शेजारी बसलेली आमची धावपटू साहेबांच्या टेबलावरचा पेपरवेट फिरवत होती. साहेबांनी तिला विचारलं, ‘सात आणि आठ किती?’ तिने बरोबर सांगितलं. साहेबांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू चोर सापडला.

मी तिचं यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, पुढे केलं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ३० दाखवलं, खेळात सहभाग मिळवून देणं ही शासनाची जबाबदारी आहे म्हणून. त्यावर उत्तर मिळालं, ‘कलम आहे हो मॅडम, लेखाशीर्ष नाही.’

एकाच बैठकीत हा माणूस म्हणत होता की तुमची मुलं इतकी कच्ची की हा खेळच नव्हे, आणि इतकी हुशार की ती दिव्यांगच नव्हेत. दोन्हींचं तात्पर्य एकच, पैसे नाहीत.

तरी खरं सांगायचं तर शंका घेण्यात त्यांचं सगळंच चुकलं असं मला आता वाटत नाही. बोगस दाखल्यावर सवलती लाटणारे आपल्याकडेही आहेत. पैसे वाटणाऱ्याने प्रश्न विचारायलाच हवेत. फक्त ते दाखला देणाऱ्यांना विचारावेत, पोरीला बेरजा विचारू नयेत.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात त्याच कार्यालयातून फोन आला. संध्याकाळपर्यंत तीन कोटेशन द्या, निधी खर्ची पडला पाहिजे. प्रवासाला चालेल का? नाही, फक्त साहित्य. मग बोची या चेंडूच्या खेळाचे सेट मागितले. ते दरपत्रकात नव्हते. शेवटी आलं काय, तर क्रिकेटचं किट, पॅड-हेल्मेटसकट. फोटोही झाला. संघ गेला तो पालकांच्या वर्गणीवर आणि एका साखर कारखान्याने दिलेल्या बसमधून. कारखान्याने कुठलाही दाखला मागितला नाही. खासगी मदतीवर खेळ चालवू नये, तो हक्क आहे, असं मी प्रत्येक सभेत सांगते. बस मात्र मुकाट्याने घेतली, पुढच्या वर्षीही घेईन.

साहेबांची बदली झाली. नवे साहेब फाईल पुन्हा पहिल्यापासून मागतात.

एक काम मात्र वाचणाऱ्यांनी करावं. प्रत्येक ग्रामपंचायतीने, नगरपालिकेने स्वउत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. तुमच्या गावात ते कशावर गेले, हे ग्रामसभेत उभं राहून विचारा, आणि बौद्धिक दिव्यांगांच्या वाट्याला त्यातलं काय आलं, हेही लेखी मागा.