शिसमाची घोडी

टक् असा आवाज झाला तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते. खामगावातला मे महिना. दिवसभर पारा 44 अंशांच्या पुढे, संध्याकाळी लाइट गेलेली, कूलर बंद. तासाभरात खोलीतली हवा पापड वाळवावेत इतकी कोरडी झाली होती. पाल पडली असेल असं समजून मी कूस बदलली. सकाळी खुंटीवरची गिटार उतरवली आणि हातच थरथरले. तबलीवर, घोडीपासून खालच्या कडेपर्यंत, केसाएवढी चीर गेलेली. घोडीही तारा अडकवायच्या भोकांच्या रांगेत फाटलेली.

तबली आणि घोडी हे शब्द सतारवाल्यांचे. गिटारच्या दुकानात टॉप आणि ब्रिज म्हणतात. पण मी सुताराच्या घरचा, मला हेच शब्द जवळचे वाटतात.

बाबांनी गिटार मांडीवर घेतली, चिरेवरून अंगठा फिरवला, मग भिंतीवरच्या खुंटीकडे आणि खिडकीतल्या कूलरकडे पाहिलं. "इले दिवसभर पानी पाजलं न् रात्री तहानलेली ठेवली. तडकणार नाही तं काय?"

नेमकं तेच झालं होतं. गिटारची तबली जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर जाडीची असते. ओल लागली की ती फळी रेषांच्या आडव्या अंगाने फुगते, सुकली की आक्रसते. लांबीत मात्र जवळजवळ हलत नाही. तबलीच्या पोटाला आडव्यातिडव्या पट्ट्या चिकटवलेल्या असतात, त्यामुळे तिला मोकळेपणी आक्रसता येत नाही. मग ती फाटते. गिटार करणारे हवेत 45 ते 55 टक्के आर्द्रता असावी म्हणतात. आमच्याकडे कूलरसमोर ती त्याच्या कितीतरी वर जाते आणि कूलर थांबला की उन्हाळ्यात कितीतरी खाली येते. आठ वर्षं वाजवलेली गिटार मी त्या झोतासमोर टांगली होती. चूक माझीच होती.

बाबा दुरुस्तीला लागले आणि त्या आठवड्यात, त्यांच्या शेजारी बसून, वाद्याच्या लाकडाबद्दल जे इतकी वर्षं मी वाचत आणि ऐकत होतो ते पहिल्यांदा हाताला लागलं.

माझी पहिली गिटार प्लायवूडची होती. दुकानदाराने "अख्ख्या फळीची" म्हणून विकली होती. घरी आणल्यावर बाबांनी तारांखालच्या गोल भोकाची कड उन्हात धरून पाहिली. वरच्या रेषा कडेवरून खाली उतरत नव्हत्या. कडेला तीन थर दिसत होते, मधला आडवा. ते काही बोलले नाहीत, फक्त मला कड दाखवली. तेव्हापासून कुठलीही गिटार हातात आली की मी आधी कड पाहतो. रेषा वरून खालपर्यंत सलग उतरत असेल तर ती खरी फळी. अख्खी फळी वाजवता वाजवता खुलत जाते म्हणतात. प्लायचा आवाज पहिल्या दिवशी होता तिथेच राहतो, असंही.

नोकरीच्या निमित्ताने पुण्यात होतो तेव्हा रविवारची दुपार वाद्यांच्या दुकानात जायची. तिथे तबली स्प्रूसची की सिडारची, पाठ महोगनीची की रोजवूडची, यावर तासन् तास बोलणी चालत. स्प्रूस म्हणजे थंड मुलखातलं सूचीपर्णी झाड. लाकूड वजनाला हलकं आणि तरी ताठ. वाद्याच्या तबलीला दोन्ही गुण एकत्र लागतात आणि ते क्वचितच एकत्र भेटतात. जोरात छेडलं तरी स्प्रूस डगमगत नाही, सूर वेगवेगळे ऐकू येतात. सिडार अधिक मऊ. नुसत्या बोटांनी हळुवार वाजवलं की लगेच ऊब देतं, पण हात जड झाला की सूर एकमेकांत मिसळून जातात. महोगनीची पाठ असली की आवाज सरळ येतो, काम झालं की थांबतो. रोजवूडच्या पाठीला मात्र आस आहे. तार सोडली तरी खर्जाच्या खाली काहीतरी घुमत राहतं आणि वर बारीक किणकिण उरते.

त्या दिवसांत मला कळलं नव्हतं ते हे, की दुकानदार ज्याला "इंडियन रोजवूड" म्हणत होता तो आपला शिसम. डालबर्जिया लॅटिफोलिया. वाड्यांच्या शिसवी दारांचा, शिसवी पलंगांचा, आजीच्या पोळपाटाचा शिसम. अमेरिकेतल्या मार्टिन कंपनीने 1969 मध्ये ब्राझीलचं रोजवूड मिळेना म्हणून पाठीला भारतीय शिसम वापरायला सुरुवात केली. ब्राझीलच्या झाडाच्या व्यापारावर 1992 मध्ये आंतरराष्ट्रीय बंदी आली आणि जगभरच्या चांगल्या गिटारांच्या पाठी आपल्याकडच्या लाकडाच्या होऊ लागल्या. मग 2017 च्या जानेवारीपासून शिसमासकट डालबर्जिया वंशातल्या सगळ्या झाडांवर परवान्यांची अट लागली. तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली ती 2019 च्या नोव्हेंबरमध्ये. इतकं मोलाचं झाड, आणि आमच्या भागातल्या गिटार शिकणाऱ्या मुलांना रोजवूड म्हणजे परदेशातलं काहीतरी वाटतं. मला याचं फार वाईट वाटतं. मी शिकवतो त्या मुलांना पहिल्या दिवशी हे सांगतो, आणि हेही सांगतो की शिसम हा तूर-हरभऱ्याच्या कुळातला, आणि महोगनी आपल्या कडुनिंबाच्या.

मिरजेला गेलो होतो तेव्हा कडुनिंबाच्या कुळातल्या आणखी एका लाकडाशी गाठ पडली. तिथल्या सतार आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात हे काम हाती घेतलं आणि आजही ते तिथे चालतं. एका कारखान्यात तुणीच्या फळ्या भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. तूणही त्याच कुळातली. कारागिराने एक फळी दोन बोटांत वरच्या कडेला हलकेच धरली, सैल लोंबू दिली आणि दुसऱ्या हाताच्या पेराने मधोमध ठोकली. आवाज खोलीभर फिरला. शेजारची फळी ठोकली, ती "ठप्प" म्हणून गप्प झाली. दोन्ही एकाच खोडाच्या होत्या. त्याने पहिली सतारीसाठी बाजूला ठेवली.

झाडाचं नाव एक गोष्ट, हातातली फळी दुसरी. हे मला त्या ठोक्याने शिकवलं.

त्यानंतर मी स्वतःच एक परीक्षा घेतली. माझी स्प्रूस-शिसमाची गिटार (पुढे तडकली ती हीच), एका मित्राची स्प्रूस-महोगनीची आणि दुसऱ्या मित्राची सिडार-शिसमाची. तिघींना एकाच जातीच्या नव्या तारा लावल्या. मी भिंतीकडे तोंड करून बसलो आणि भाच्याने एकच चीज वीस वेळा, मनाला येईल त्या गिटारवर वाजवली. सिडारची तबली मी दोन वेळा सोडून प्रत्येक वेळी ओळखली. पण दोन्ही स्प्रूसवाल्यांत पाठ शिसमाची की महोगनीची, हे निम्म्याच वेळा बरोबर आलं. म्हणजे नाणं उडवून सांगितलं असतं तरी तेवढंच आलं असतं.

पुढे वाचलं की इंग्लंडमध्ये लँकेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी हाच प्रयोग नीट केला होता. पाठीचं आणि बाजूंचं लाकूड सोडून बाकी सगळं सारखं असलेल्या सहा गिटार, आणि त्या न पाहता वाजवणारे 52 वादक. 2018 मध्ये निष्कर्ष छापून आला: पाठीच्या लाकडाने वादकांच्या पसंतीत फारसा फरक पडला नाही. स्पेनच्या अंतोनियो दे तोरेसने तर 1862 मध्ये पाठ आणि बाजू कागदाच्या लगद्याच्या करून गिटार बांधली होती. आवाज तबली देते, हे त्याला दाखवायचं होतं. ती गिटार बार्सिलोनाच्या संग्रहालयात आहे.

मग शिसमाची ती आस? मी ऐकलेली ती किणकिण? मांडीवर गिटार असते तेव्हा पाठ पोटाला टेकलेली असते, तिचा कंप मला अंगाला जाणवतो. भिंतीकडे तोंड करून बसल्यावर तो जाणवत नाही. मला वाटतं, मी जे ऐकत होतो त्यातलं बरंचसं मी अंगाने ऐकत होतो. ते खोटं होतं असं मी म्हणणार नाही.

तर त्या मे महिन्यात बाबांनी आधी काहीच दुरुस्त केलं नाही. गिटार पेटीत ठेवली, सोबत भोकं पाडलेल्या साबणदाणीत ओला स्पंज, आणि पेटी माजघरात, जिथे मातीची भिंत आहे. सहा दिवसांत चीर आपोआप मिटली. मग त्यांनी सरस भिजवला, पाण्याच्या भांड्यात छोटं भांडं ठेवून मंद आचेवर पातळ केला, चिरेत अंगठ्याने वरून-खालून दाबत मुरवला. आतून टेकू द्यायला स्प्रूससारखं हलकं लाकूड हवं होतं. ते एमआयडीसीतून आलेल्या यंत्राच्या खोक्याच्या पाईनच्या फळीतून निघालं. टेलर कंपनीच्या बॉब टेलर यांनी 1995 मध्ये मालाच्या पॅलेटच्या लाकडाची गिटार करून दाखवली होती, ते मी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "फळी वाळेल असली पाह्यजे. मंग ते खोक्याची असो का देवळाची." नखाएवढ्या चकत्या, रेषा चिरेच्या आडव्या, गोल भोकातून हात घालून त्यांनी एकेक चिकटवल्या. त्यांचे हात मोठे आहेत. मनगट आत जाईना तेव्हा माझ्या मुलीने चकत्या लावल्या आणि आजोबा बाहेरून आरशात पाहून "थोडं वर, थोडं तिकडे" सांगत राहिले.

उरली घोडी. सहा तारा मिळून तिला सत्तरेक किलोने ओढत असतात, तेव्हा तिथे टणक लाकूडच लागतं. पुष्कळ गिटारांना ती शिसमाची असते. खामगावच्या आरा मशीनवर शिसमाचा तुकडा मिळाला, पण कापल्यावर आत ओल निघाली. बाबांनी तो फेकला नाही, वाळायला माळ्यावर टाकला, आणि माळ्यावरूनच आजीचा पोळपाट खाली आणला. एका पायाशी तडकला म्हणून वीस-पंचवीस वर्षं तिथे पडलेला. त्यावर आईने, त्याआधी आजीने ज्वारीच्या भाकरीपासून पुरणपोळीपर्यंत काय काय केलं असेल. मी नको म्हणालो.

"थे असती तं तिनंच देल्ला असता," ते म्हणाले आणि करवत लावली.

पहिल्या चार ओढींतच वास आला, किंचित गोडसर, कोरडा. वरचा मळकट थर रंध्याने गेला आणि खालून जांभळट तपकिरी, काळ्या रेषांचं लाकूड उघडं पडलं, कालच कापल्यासारखं. बाबांनी तो तुकडा दोन बोटांत धरला, पेराने ठोकला आणि माझ्याकडे पाहिलं. मिरजेच्या कारागिराने केलं होतं तसंच. त्यांना मी ते कधी सांगितलं नव्हतं.

घोडी बसवायला दोन दिवस, सरस वाळायला आणखी एक. तारा चढवल्या तेव्हा संध्याकाळ झाली होती. आवाज आधीपेक्षा किंचित दबका वाटला, चिरेमुळे असेल किंवा चकत्यांमुळे. भजनी मंडळात अभंगाला साथ करताना मी अजूनही मित्राची महोगनीवाली मागून घेतो, कारण ती गाणाऱ्याला जागा सोडते. घरी एकटा असतो तेव्हा हीच.

कूलर आता दुसऱ्या खोलीत हलवलाय. पेटीत साबणदाणी असते आणि तिच्यातला स्पंज भिजवायचं काम माझ्या मुलीने स्वतःकडे घेतलं आहे, दर सोमवारी आणि गुरुवारी.