माणिकबागेचे पक्षी

बाबांच्या नोकरीची शेवटची वर्षं इंदूरच्या माणिकबागेत गेली. एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुकाराने 1930च्या सुमारास महाराजा यशवंतराव होळकरांसाठी बांधलेल्या त्या महालात आता केंद्रीय करखात्याचं ऑफिस आहे. तिथलं देखणं फर्निचर 1980 साली मोनाकोच्या लिलावात विकलं गेलं. बाबा मात्र घरी आले की पोहे खाता खाता कुठल्या दालनात काय होतं ते सांगत बसत. सगळ्यांत जास्त जीव होता तो शिल्पकार ब्रांकुशीच्या तीन पक्ष्यांवर. एक काळ्या संगमरवराचा, एक पांढऱ्या, एक ब्राँझचा. पंख नाहीत, चोच नाही, नुसतं वर जाणं. ‘आपले पक्षी’ म्हणायचे ते.

या पक्ष्यांसाठी महाराजांना इंदुरात ध्यानमंदिर बांधायचं होतं. 1937च्या जुलैत महाराणी संयोगिताराजे ऐन तारुण्यात स्वित्झर्लंडमध्ये वारल्या. त्याच हिवाळ्यात ब्रांकुशी मंदिराच्या कामासाठी इंदूरला आला, राहिला, परत गेला. मंदिर झालंच नाही. बाबा म्हणत, “ज्याचं माणूस गेलंय, त्याला बांधकाम कसं सुचेल?” मला हे पटतं. बाबा गेल्यावर त्यांच्या कपाटाला कितीतरी दिवस माझा हात लागला नाही.

मग ते तीन पक्षी बघायला मी एकटीच निघाले, पूर्वेकडून पृथ्वीला वळसा घालत. एकटीने जेवणं जमतं, अनोळखी गावात रात्रीची बस पकडणंही जमतं. दिवसभर पाहिलेलं संध्याकाळी कुणाला सांगायचं, तिथे मात्र सगळं अडतं. पूर्वी मी कुठेही गेले तरी रात्री बाबांना फोन व्हायचाच. प्रेक्षणीय स्थळांचं त्यांना फारसं पडलेलं नसे. तिथे दूध कशात मिळतं, रस्ते किती वाजता झाडतात, हे विचारायचे. त्यांच्या या प्रश्नांसाठी म्हणून मी नीट बघायला शिकले.

कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनात काळा आणि पांढरा पक्षी भेटले. कॅलिफोर्नियात, पासाडेनाच्या नॉर्टन सायमन संग्रहालयात ब्राँझचा. त्याच्या झळाळत्या अंगात माझी लांब, काडीसारखी छबी पडली होती. बाबा असते तर पहिला प्रश्न आला असता, “पॉलिश कोण करतं? कशाने?” मी फोन काढला आणि पुन्हा पर्समध्ये ठेवला. तिन्ही पक्षी सुखरूप आहेत, उजेडात आहेत, याचा मला खरोखर आनंद झाला. आणि तो आनंद ज्याचा होता तो माणूस नव्हता.

शेवटचा मुक्काम पॅरिस. पॉम्पिदू केंद्रासमोर तेव्हा ब्रांकुशीची कार्यशाळा पुन्हा उभारलेली होती. काचेपलीकडे त्याची हत्यारं भिंतीवर ओळीने टांगलेली. दुसऱ्या दिवशी पहाटे बाहेर पडले तर हिरव्या कपड्यांतला सफाई कामगार फुटपाथच्या कडेचं पाणी सोडून, लांब हिरव्या झाडूने पाला त्यात ढकलत होता. पाण्याला हवं तिकडे वळवायला त्याने गुंडाळलेला जुन्या गालिचाचा तुकडा आडवा टाकला होता. मी थबकले. बाबा म्हणजे सत्तर किलोमीटरवरून नर्मदा वर चढवून आणणाऱ्या इंदूरचे. हे पाणी पिण्याचं आहे का, हे विचारल्याशिवाय ते तिथून हललेच नसते. म्हणून मी मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये त्या कामगाराला विचारलं. नाही, म्हणाला, हे नदी-कालव्याचं, याची नळवाहिनीच वेगळी.