भागीरथी ऊर्फ गडू

गुजरातेत दरवर्षी जून महिन्यात शाळा-प्रवेशोत्सव होतो. 2003 साली सुरू झालेला हा सोहळा आता आम्हां शिक्षकांच्या चांगलाच अंगवळणी पडला आहे. पाहुणे येतात, नव्या बालकांच्या कपाळी कुंकू लागते, दप्तरे वाटली जातात, दोन-चार मुले मोठ्याने रडतात. मांडव उतरला की आमचे खरे काम सुरू होते. ते म्हणजे वयपत्रकात नावे चढविणे. महाराष्ट्रातील शाळांत ज्यास जनरल रजिस्टर म्हणतात तेच इकडचे वयपत्रक. त्यात एकदा शाईने उतरलेले नाव माणसाची पाठ जन्मभर सोडत नाही. म्हणून प्रत्येक नाव मुख्याध्यापकाने स्वतः वाचून पाहावे असा आमचा दंडक आहे. हा दंडक आम्ही का घातला, ते पुढे ओघाने येईलच.

मध्यंतरी अशाच एका प्रवेशोत्सवात वाघोडियाच्या औद्योगिक वसाहतीत कामास आलेले खानदेशाकडचे एक जोडपे आपल्या मुलीस घेऊन आले. मुलीचे नाव ज्ञानेश्वरी. आमच्या शिक्षकांनी मोठ्याने वाचले, "ग्नानेश्वरीबेन!" अक्षर एकच, परंतु मराठी मुखात त्याचा 'द्न्य' होतो, गुजराती मुखात 'ग्न' आणि हिंदी मुखात 'ग्य'. त्यातून आधारकार्डावर इंग्रजी नावाचा आरंभ 'डी'ने, तर जन्मदाखल्यावर 'जी'ने. ही दोन टोके कशी जुळवावीत ह्या विवंचनेत आम्ही असता पोर मात्र स्वस्थ उभी होती. तिला हाक मारली गेली आहे हेच तिच्या गावी नव्हते.

"घरी काय म्हणता हिला?" आम्ही विचारले.

बाप थोडा संकोचला. "ओवी म्हणतो, सर. ज्ञानेश्वरी केवढी मोठी! ही आमची एकच ओवी."

'ओवी' हा शब्द कानी पडताच मुलीने मान वर केली. सुमारे 9000 ओव्यांच्या ग्रंथराजाचे इतके नेमके लघुरूप यंत्रावर पाळ्या करणाऱ्या ह्या गृहस्थास सुचले. मराठी घेऊन एम. ए. झालेल्या आम्हांस ते सुचले नसते, हे प्रांजळपणे कबूल केले पाहिजे. आम्ही फार तर 'ज्ञानू' म्हटले असते.

कारण आपल्याकडे लांब नावे तोडण्याची रीत ठरलेली आहे. शेंडा राखावयाचा, शेपूट टाकावयाचे आणि उरलेल्या तुकड्यास एक स्वर जोडावयाचा. गोदावरीची गोदू होते, गोदी होते, गोदा होते. सरस्वतीची सरू, सरी, सरसा. ह्या स्वरांत मोठी खुबी आहे. 'ऊ'मध्ये माया असते, 'ई'मध्ये चापट असते आणि 'आ'मध्ये थोडे अंतर असते. दुपारी जी सरू असते ती सांजवेळी दूध उतू गेले की सरी होते. चंद्रभागेची भागा किंवा अन्नपूर्णेची पूर्णा होते ती अपवादानेच. परंतु ह्या रीतीबाहेरची, घरच्याच कोणा माणसाच्या डोक्यातून निघालेली जी नावे असतात, त्यांमागे बहुधा काहीतरी कारण दडलेले असते.

काशीस जन्मलेल्या मणिकर्णिकेचे उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. एवढ्या लांब नावाची घरात मनू झाली ती रीतीप्रमाणेच. परंतु बिठूरास दुसरे बाजीराव तिला छबिली म्हणत असे सांगतात, ते नाव मणिकर्णिकेतून निघालेले नव्हे, त्या पोरीच्या रूपातून आणि अवखळपणातून निघालेले. पुढे 1842 साली झाशीस लग्न झाले आणि मणिकर्णिका, मनू, छबिली ह्या तिघीही मागे राहिल्या, उरली ती लक्ष्मीबाई. बडोद्याचा इतिहास तर वाचकांच्या घरचाच. महाराज सयाजीरावांशी विवाह होऊन तंजावरच्या लक्ष्मीबाई चिमणाबाई झाल्या. 1885 साली त्या निवर्तल्या आणि त्याच वर्षी घाटग्यांच्या गजराबाई राजवाड्यात आल्या, त्याही चिमणाबाईच झाल्या. डॉ. आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना. रमाबाई रानडेही माहेरच्या यमुनाच. पंडितांच्या घरी काय आणि राजाच्या घरी काय, मुलीचे नाव हे उंबरठ्याबाहेर काढून ठेवावयाच्या वहाणेसारखे मानले गेले. महर्षी कर्व्यांच्या गोदूबाईंचे लग्नात आनंदीबाई झाले खरे, पण लोकांनी त्यांस अखेरपर्यंत 'बाया' म्हटले. ह्या साऱ्या पसाऱ्यात ते एक घरगुती नाव तेवढे टिकून राहिलेले पाहिले की आम्हांस बरे वाटते.

झाशीच्या राणीच्या मातोश्रींचे नाव भागीरथीबाई होते. आमच्या आजीचेही तेच. आजी 1972 साली गेली. पुढल्या वर्षी आम्हांस बहीण झाली, तेव्हा आजीच परत आली असे मानून बारशाला भागीरथी हेच नाव ठेवले गेले. आजोबा त्या वेळी ओसरीवर बसलेले असत. नाव ठेवून झाले आणि मग आईपुढे पेच उभा राहिला. जुन्या रीतीप्रमाणे सुनेने सासूचे नाव घ्यावयाचे नाही. मग मुलीस हाक कशी मारावी? बरे, हाक एक वेळ टाळता येईल; पण मुलीस रागे भरताना 'भागे' म्हणावे, तर ओसरीवर बसलेल्या सासऱ्यांच्या कानी आपल्या स्वर्गवासी सासूचाच उद्धार पडावयाचा!

आईने ह्यातून वाट काढली. आमच्या पणजोबांनी काशीयात्रेहून आणलेला गंगाजलाचा तांब्याचा मोहोरबंद गडू देवघरात होता. आजीच्या अखेरच्या घटकेस तो फोडला, आणि पुढे रिकामाच, चिंच लावून लखलखीत घासलेला, देवांशेजारी राहिला. बहीण अंगाने गोल आणि वर्णाने तांबूस. आई तिला 'गडू' म्हणू लागली. शेजारच्या गुजराती काकींना तो शब्द 'गाडुं' ऐकू येई. एवढ्याशा पोरीस हे मराठी लोक बैलगाडी का म्हणतात, ह्याचे त्यांस फार नवल वाटे. आम्हांसही पुष्कळ वर्षे वाटत होते की आई तिच्या बाळसेदार अंगावरूनच गडू म्हणते. गडूत असते ती भागीरथीच, आणि आईने सासूचे नाव न घेता अशा रीतीने घेतले आहे, हे ध्यानात येण्यास आमच्या डोक्याचे केस पिकावे लागले.

आत्यास असला काही निर्बंध नव्हता. तिच्या तर ते आईचे नाव. ती माहेरपणास आली की गल्लीच्या टोकापासून 'भागीऽ' म्हणून साद घाली. येथेच सारे बिनसले. मराठीत जी भागी प्रेमळ, ती गुजरातीत 'पळून गेली' ह्या अर्थाची. गल्लीतील पोरांना आयतेच कोलीत मिळाले. "भागी भागी गई!" असा घोष आमच्या मागे सुरू झाला. भागू म्हणावे तर त्याचाही गुजरातीत 'पळू का?' असाच काहीसा अर्थ. बहीण लहान होती, तिला त्याचे काही वाटत नसे. वाटे ते आम्हांस.

1979 च्या जूनमध्ये तिला शाळेत घालावयाचे झाले. पहिला पाऊस पडून गेला होता आणि बाबा कपाशीच्या पेरणीत गुंतले होते. त्यांनी आम्हांस सांगितले, जाताना हिला घेऊन जा आणि नाव घालून ये. अकरा वर्षांचे आम्ही, सहा वर्षांच्या बहिणीचे पालक होऊन मास्तरांपुढे उभे राहिलो. त्या काळी दाखले-बिखले कोणी फारसे मागत नसे. जन्मतारीख ठाऊक नसली की 1 जून. आमच्या पिढीतील कितीतरी माणसे कागदोपत्री 1 जूनलाच जन्मलेली आहेत.

मास्तरांनी विचारले, "छोकरीनुं नाम?"

खिडकीशी तीच गल्लीतील पोरे टपून उभी होती. आम्ही म्हणालो, "गंगा."

मास्तरांनी गंगाबेन असे लिहिले, 1 जून लिहिली, आणि टीपकागद दाबला. बहिणीने एकदा आमच्याकडे पाहिले; बोलली काही नाही. संध्याकाळी बाबांस सांगितले तेव्हा ते हसले. म्हणाले, गंगा काय आणि भागीरथी काय, पाणी एकच. गंगोत्रीहून निघते ती भागीरथी. देवप्रयागास अलकनंदा मिळाल्यावर तिला गंगा म्हणतात. आमची बहीण शाळेच्या उंबऱ्यावरच देवप्रयागास पोहोचली.

रेशनकार्डावर भागीरथी, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर गंगाबेन, घरात गडू. लग्नात ताटातील तांदळांवर अंगठीने तिसरेच नाव लिहिले गेले. ते येथे देत नाही. ते तिच्या सासरचे आहे, आणि त्यांनी ते कौतुकाने ठेवले होते. ह्या सगळ्यात कोणाचे काही अडले नाही. अडले ते 2022 साली, बाबा गेल्यावर.

घर आणि साडेतीन विघे जमीन. वारसाईसाठी तलाठ्याकडून पेढीनामे करून घ्यावयाचे. त्यात मयताची पत्नी, मुलगा आणि मुलगी अशी सर्वांची नावे यावयाची. 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाच्या बरोबरीचा झाला आहे, हे आम्ही शाळेत पालक-सभांतून स्वतः सांगत आलो. मात्र आमच्याच घरचे कागद पाहावे तर एका कागदावर भागीरथी, दुसऱ्यावर गंगाबेन आणि आधारकार्डावर सासरचे नाव. जन्मतारखाही दोन. तेव्हा आमच्या एका आप्ताने सल्ला दिला, "कशाला ह्या भानगडीत पडता? तिचा हक्क कमी करून टाका. ती कुठे मागते आहे?"

ती मागत नव्हती हे खरेच. आणि हेही खरे की तो सल्ला एक रात्रभर आम्हांस सोयीचा वाटला. चकरा वाचल्या असत्या, खर्च वाचला असता आणि जमीन अखंड राहिली असती. सकाळी चहा घेताना आम्हांस त्या खिडकीतील पोरे आठवली. अकराव्या वर्षी आपली लाज राखण्यासाठी आम्ही तिचे नाव पुसले होते. आता चौपन्नाव्या वर्षी, तेच नाव जुळत नाही म्हणून तिचा भाग पुसावयाचा! आम्ही बहिणीस फोन केला आणि 1979 ची गोष्ट प्रथमच तिच्यापाशी काढली.

ती म्हणाली, "दादा, मला सगळं आठवतंय. तू माझं बोट इतकं घट्ट धरलं होतंस की ते दुखत होतं."

ह्यापेक्षा अधिक ती काही बोलली नाही. ठरल्या दिवशी सकाळच्या बसने मात्र आली.

प्रतिज्ञापत्र, इकडच्या बोलीत सोगंदनामा, तयार झाले. 'भागीरथी ऊर्फे गंगाबेन ऊर्फे' आणि पुढे सासरचे नाव. ह्या तिन्ही व्यक्ती एकच आहेत असे आम्ही शपथेवर सांगितले. टंकलेखकाने रीतीप्रमाणे विचारले, आणखी कोणते नाव? बहीण हसून म्हणाली, "गडू." त्याने तेही टंकले. आम्ही ते खोडावयास सांगितले नाही.

तलाठी तरुण आणि समंजस होता. पंच बसले. आई अर्जदार, म्हणून तिचा जबाब आधी. त्याने आदराने विचारले, "बा, दीकरीनुं नाम बोलो."

आई म्हणाली, "गडू."

"ए तो लाडनुं नाम, बा. साचुं नाम?"

आई गप्प. अठ्ठ्याहत्तर वर्षांची आमची आई एकदा बहिणीकडे आणि एकदा आमच्याकडे पाही. तलाठ्यास वाटले, बांना विस्मरण झाले असावे. तो काळजीत पडला, कारण आता अर्जच अडला असता. पंचांपैकी एक वृद्ध गृहस्थ काहीतरी सुचवू पाहत होते. आम्ही त्यांना हातानेच थांबविले. गेली पन्नास वर्षे आईने ते नाव उच्चारले नव्हते, हे त्या खोलीत आम्हां दोघां भावंडांखेरीज कोणास ठाऊक असणार?

अखेर आईने हात पुढे केला. "पेन द्या," ती म्हणाली.

तलाठ्याने कागद पुढे सरकविला. त्या गुजराती कागदाच्या कडेस आईने सावकाश, एकेक अक्षर सुटे काढीत, मराठीत नाव लिहिले. वरची रेघ शेवटी ओढली. तलाठ्याने कागद उलटा फिरवून स्वतःकडे घेतला आणि बोट ठेवून मोठ्याने वाचले, "भा... गी... रथी. भागीरथी. बराबर?"

आईने मान हलविली, आणि पदर डोक्यावरून पुढे ओढून घेतला.